इंडक्शन मोटारीतील टॉर्क रिपल : दोष वजाबाकीने कसा शोधावा

मोटार भार उचलते आहे, करंट पाटीवरच्या आकड्याच्या आत आहे, बेअरिंग थंड आहे, आणि तरीही पाया थरथरतो, कपलिंगमधल्या रबराचा वर्षात दोनदा भुगा होतो किंवा तयार मालावर ठरावीक अंतराने पट्टे उमटतात. अशा वेळी बहुतेक कारखान्यांत एक क्रम ठरलेला असतो. आधी बेअरिंग बदलायचे, मग अलाइनमेंट करायची, आणि तरीही फरक पडला नाही की मोटार रिवाइंडिंगला पाठवायची. यात पैसा जातो आणि बऱ्याचदा दोष जागच्या जागी राहतो, कारण मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सरासरीने बरोबर असला तरी तो क्षणाक्षणाला वरखाली होत असतो आणि हा चढउतार बेअरिंगमध्ये नसतोच. या चढउतारालाच टॉर्क रिपल म्हणतात. त्याचा उगम शोधण्याची एक पद्धत पुढे दिली आहे. उदाहरणांसाठी 415 व्होल्ट, 50 हर्ट्झवर चालणारी चार पोलची तीन फेज मोटार धरली आहे. तिची समकालिक गती, म्हणजे आतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राची गती, मिनिटाला 1500 फेरे असते आणि पूर्ण भाराला ती साधारण 1440 फेऱ्यांवर येते.

मूळ सूत्र

निर्दोष तीन फेज मोटारीत स्टेटरचे, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचे, चुंबकीय क्षेत्र एकसारख्या वेगाने आणि एकसारख्या ताकदीने फिरते. रोटरमधील, म्हणजे आतल्या फिरत्या भागातील, करंटचे क्षेत्रही त्याच वेगाने त्याच्यासोबत फिरते, त्यामुळे दोघांमधली ओढ सतत सारखी राहते आणि टॉर्क सपाट मिळतो. मोटारीत वेगळ्या वेगाने फिरणारे दुसरे एखादे क्षेत्र शिरले, की ते मुख्य क्षेत्राला कधी साथ देते आणि कधी आडवे जाते. ही साथ आणि हा अडथळा सेकंदाला किती वेळा घडतो, हे दोन क्षेत्रांच्या वारंवारतांच्या फरकावर ठरते. म्हणून रिपलची वारंवारता मोजता आली, तर ते दुसरे क्षेत्र कोणते हे उलट वजाबाकी करून ओळखता येते.

पुरवठ्याचे व्होल्टेज असमतोल असेल, तर 50 हर्ट्झचेच पण उलट दिशेला फिरणारे क्षेत्र तयार होते. उणे 50 आणि अधिक 50 यांतला फरक 100 हर्ट्झ. ड्राइव्हमधून, म्हणजे मोटारीची गती बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून, पाचवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट वारंवारतेचा अंश) आला तर तो उलट फिरतो आणि सातवा सुलट. उणे 5 आणि 1 यांतला फरक 6, तसाच 7 आणि 1 यांतलाही फरक 6. त्यामुळे दोघेही मूळ वारंवारतेच्या सहापट रिपल देतात. करंटमध्ये डीसीचा अंश असेल तर त्याचे क्षेत्र जागेवर उभे असते आणि फरक मूळ वारंवारतेइतकाच राहतो. डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, सुरू केलेली मोटार पहिल्या काही क्षणांत हिसके देते, ते याच जातीचे असतात. ते आपोआप विरतात आणि त्यांना दोष समजू नये. रोटरमधली करंट वाहणारी पट्टी तुटली असेल तर रोटरमध्ये उलटे क्षेत्र निर्माण होते आणि स्टेटरच्या बाजूने पाहिल्यास रिपल स्लिप वारंवारतेच्या दुप्पट दिसते. स्लिप म्हणजे रोटर समकालिक गतीपेक्षा जितका मागे राहतो तो फरक. 1440 फेऱ्यांवर स्लिप 4 टक्के, म्हणजे 2 हर्ट्झ, आणि रिपल 4 हर्ट्झ.

रिपलचा परिणाम त्याच्या आकारापेक्षा वारंवारतेवर जास्त अवलंबून असतो, हेही येथेच लक्षात घ्यावे. साडेसात किलोवॅटच्या मोटारीचा पूर्ण भाराचा टॉर्क सुमारे 50 न्यूटन मीटर असतो. त्यात 5 न्यूटन मीटरचे रिपल आहे आणि रोटर व भाराचे मिळून जडत्व 0.05 किलोग्रॅम वर्गमीटर आहे असे समजू. हे रिपल 100 हर्ट्झचे असेल तर गती मिनिटाला दीड फेऱ्याने वरखाली होईल. तेच 4 हर्ट्झचे असेल, तर मोटारीचा स्वतःचा प्रतिकार जमेस न धरता हा चढउतार 38 फेऱ्यांपर्यंत जातो. थोडक्यात, वरच्या वारंवारतेचे रिपल कानाला ऐकू येते आणि खालच्या वारंवारतेचे मालावर दिसते.

मोजमापाआधी

टर्मिनल बॉक्स उघडून चालू मोटारीवर मोजमाप करायचे असल्यास ते अनुभवी वायरमनने, योग्य हातमोजे घालून आणि 415 व्होल्टला चालणाऱ्या मीटरनेच करावे. ड्राइव्हच्या बाबतीत पुरवठा बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 590 व्होल्ट डीसी काही मिनिटे टिकून राहतो. ड्राइव्हवर लिहिलेला थांबण्याचा वेळ संपल्याखेरीज आणि डीसी बसवरचे व्होल्टेज मीटरने तपासल्याखेरीज हात लावू नये. हाताशी ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर, टॅकोमीटर आणि शक्य असल्यास जुना काट्याचा अॅमीटर ठेवावा. काट्याच्या अॅमीटरला हल्ली कोणी विचारत नाही, पण मंद झोके डिजिटल आकड्यांपेक्षा काट्यावर कितीतरी स्पष्ट दिसतात.

पहिली चाचणी सर्वांत सोपी आहे. मोटार भारावर चालू असताना पुरवठा तोडावा आणि त्याच क्षणी कंपनाकडे लक्ष द्यावे. कंपन तत्काळ नाहीसे झाले तर कारण विद्युत आहे. गतीबरोबर हळूहळू उतरत गेले तर ते यांत्रिक आहे. दोन पोलच्या मोटारीत ही चाचणी टाळून चालत नाही, कारण 2980 फेऱ्यांवर शाफ्टच्या गतीची दुप्पट 99.3 हर्ट्झ होते आणि ती विद्युत 100 हर्ट्झशी मिसळून दर दीड सेकंदाला चढणारा-उतरणारा हुंकार ऐकू येतो. तो ऐकून दोन्हींपैकी कशालाही दोष देता येतो आणि कानाने निवाडा होत नाही.

प्रत्येक निरोगी मोटारही 100 हर्ट्झने गुणगुणते. हवेच्या फटीतील चुंबकीय ओढीमुळे स्टेटर त्रिज्येच्या दिशेने किंचित आत-बाहेर होतो, त्याचा हा आवाज असतो आणि टॉर्कशी त्याचा संबंध नसतो. टॉर्क रिपलची प्रतिक्रिया मात्र मोटारीचा सांगाडा शाफ्टभोवती डोलवते. म्हणून कंपनमापकाने डाव्या आणि उजव्या पायाचे उभे कंपन एकाच वेळी पाहावे. एक पाय वर जाताना दुसरा खाली येत असेल तर टॉर्क रिपलचा संशय पक्का होतो.

100 हर्ट्झ असल्यास : पुरवठा आणि जोडण्या

मोटारीच्या टर्मिनलवर, पूर्ण भार असताना, तिन्ही फेजमधील आपसातले व्होल्टेज मोजावे. पॅनेलवरच्या मीटरचे आकडे पुरत नाहीत, कारण ढिला लग किंवा जळालेला कॉन्टॅक्टर पॅनेल आणि मोटार यांच्यामध्येच असू शकतो. समजा 420, 410 आणि 400 व्होल्ट मिळाले. सरासरी 410, तिच्यापासूनचा सर्वांत मोठा फरक 10, म्हणजे असमतोल 2.4 टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो, पण उलट्या क्षेत्राला मोटार फारच कमी अडथळा करते आणि त्यामुळे करंटमधील असमतोल टक्क्यांच्या हिशेबात व्होल्टेजच्या सहा ते दहापट निघू शकतो. नेमा या अमेरिकी मानकानुसार 1 टक्क्याच्या वर गेल्यास मोटारीवरचा भार कमी करावा आणि 5 टक्क्यांच्या वर ती चालवूच नये.

दोष पुरवठ्यात आहे की मोटारीत, हे ठरवण्यासाठी तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवाव्यात. तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणतात; आर जिथे होता तिथे वाय, वायच्या जागी बी आणि बीच्या जागी आर. असे केल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. आधी आणि नंतर तिन्ही करंट लिहून ठेवावेत. जास्तीचा करंट पूर्वीच्याच फेजवर राहिला तर पुरवठा दोषी आहे, आणि तो मोटारीच्या पूर्वीच्याच टर्मिनलवर राहिला तर वाइंडिंग दोषी आहे. पंधरा मिनिटांच्या या कामाने रिवाइंडिंगचे कितीतरी खर्च वाचतात. पुरवठ्याचा दोष निघाल्यास पुढचा शोध एकाच फेजवर लादलेला मोठा वेल्डिंग सेट, पॉवर फॅक्टर सुधारण्याच्या कपॅसिटर बँकेतील उडालेला फ्यूज आणि ढिल्या जोडण्या अशा क्रमाने घ्यावा.

मोटार दोन फेजवर चालत असल्यास हाच प्रकार टोकाला जातो. टॉर्क प्रत्येक सेकंदाला 100 वेळा जवळपास शून्यापर्यंत येतो. सिंगल फेज मोटारीत थोड्याफार प्रमाणात हे मुळातच असते, म्हणून पंख्याच्या कामाच्या अशा अनेक मोटारी रबरी कड्यांवर बसवलेल्या असतात. तिथे रिपल अचानक वाढले तर रनिंग कपॅसिटर मोजावा, बाकी शोध घेऊ नये.

काही हर्ट्झचे झोके असल्यास : रोटर

अॅमीटरचा काटा शांतपणे डावी-उजवीकडे झुलतो आणि आवाजही त्याच लयीत फुगतो-ओसरतो, तेव्हा तुटलेल्या रोटरपट्टीचा विचार करावा. वारंवार सुरू होणाऱ्या आणि जड जडत्व ओढणाऱ्या मोटारींत हा दोष जास्त आढळतो, कारण पट्टी आणि टोकाचे कडे यांच्या जोडावर सुरुवातीच्या करंटची उष्णता पुन्हा पुन्हा आदळते.

मोजण्याची एक सोयीची युक्ती अशी आहे. काट्याचे झोके सेकंदाला पोलसंख्या गुणिले स्लिपचे फेरे भागिले 60 इतके होतात. म्हणजे चार पोलच्या मोटारीत 15 सेकंदांत जितके झोके पडतील, तितकेच मिनिटाचे स्लिपचे फेरे असतात. दोन पोलला 30 सेकंद मोजावे, सहा पोलला 10. निम्म्या भारावर टॅकोमीटरने 1478 फेरे दाखवले आणि 15 सेकंदांत 22 झोके मोजले गेले, तर हिशेब जुळला. पुरवठ्याची वारंवारता मात्र त्याच वेळी मोजलेली असावी. 49.9 हर्ट्झला समकालिक गती 1497 होते आणि तीन फेऱ्यांची चूक इथे मोठी ठरते.

करंटचे स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेचा अंश किती, याचा आलेख) घेण्याची सोय असल्यास 50 हर्ट्झच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना दुप्पट स्लिप वारंवारतेवर छोटी शिखरे पाहावीत. 4 टक्के स्लिपला ती 46 आणि 54 हर्ट्झवर येतात. नोंद किमान 30 सेकंदांची घ्यावी, नाहीतर ती मुख्य शिखरात बुडून जातात, आणि भार निम्म्याहून अधिक असावा, कारण रिकाम्या मोटारीत रोटरचा करंटच नसल्याने तुटलेली पट्टीही निरोगी दिसते. बाजूची शिखरे मुख्य शिखरापेक्षा 54 डेसिबलहून खाली असतील तर सहसा काळजी नसते. 45 डेसिबलच्या आत आली तर मोटार उघडण्याची तयारी करावी.

इथे एक सापळा आहे आणि इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या साध्या यंत्रमागांवर तो नेमका भेटतो. माग मिनिटाला 150 पिके (आडवे धागे) घालत असेल तर फणीचा ठोका सेकंदाला अडीच वेळा बसतो आणि मोटारीवरचा भार तितक्याच वेळा उसळतो. तिकडे 1462 फेऱ्यांवर चालणाऱ्या चार पोलच्या मोटारीत तुटलेल्या पट्टीचे झोकेही सेकंदाला अडीचच पडतात. दोन्ही आकडे असे एकमेकांवर बसले की निरोगी रोटर भंगारात जातो. फरक करण्यासाठी भार थोडा बदलून स्लिप बदलावी. पट्टीचे झोके स्लिपबरोबर बदलतात, मागाचे ठोके ठोक्यांच्याच लयीत राहतात. कॉम्प्रेसर, क्रॅंक प्रेस आणि एकाच सिलिंडरचे पंप यांनाही हाच नियम लागू आहे.

ओतीव अॅल्युमिनियमच्या रोटरची पट्टी तुटल्यास लहान मोटारीत दुरुस्तीच्या नादी लागू नये, रोटर बदलावा. तांब्याच्या पट्ट्यांचा मोठा रोटर ब्रेझिंगने दुरुस्त होतो, पण नंतर त्याचे बॅलन्सिंग करावेच लागते.

रिवाइंडिंगनंतर सुरू झालेले रिपल

मोटार कारखान्यातून आली तेव्हा शांत होती आणि रिवाइंडिंगनंतर किंचाळू लागली किंवा सुरू होताना 200 फेऱ्यांच्या आसपास अडखळू लागली, तर कॉइलचा पल्ला तपासावा. 48 खाचांच्या चार पोल मोटारीत एका पोलला 12 खाचा येतात. दुहेरी थराच्या वाइंडिंगमध्ये उत्पादक कॉइल पूर्ण 12 खाचांवर न टाकता बऱ्याचदा 10 खाचांवर, म्हणजे पहिल्या खाचेतून अकराव्या खाचेत टाकतो. या पाच-षष्ठांश पल्ल्यामुळे मुख्य क्षेत्र 3.4 टक्क्यांनीच घटते, पण पाचवे आणि सातवे क्षेत्र चौथ्या हिश्शावर येते. सातवे क्षेत्र प्रबळ झाले की मोटार समकालिक गतीच्या सातव्या हिश्शाजवळ, म्हणजे 214 फेऱ्यांच्या सुमारास रेंगाळते. वाइंडरकडे मोटार देताना जुन्या कॉइलचा पल्ला, वेढे आणि तारेचा गेज कागदावर लिहून घ्यावा आणि मोटार परत घेताना तोच कागद समोर धरावा.

रोटरच्या तिरप्या पट्ट्याही याच कामासाठी असतात. साधारण एका खाचेइतका पीळ दिल्याने खाचांमुळे होणारे उच्च वारंवारतेचे रिपल बरेच दबते. त्यामुळे बाहेरून मापात बसतो म्हणून दुसऱ्याच मोटारीचा रोटर घालणे धोक्याचे आहे. स्टेटर आणि रोटरच्या खाचांची संख्या समान झाली तर मोटार जागची हलतही नाही.

ड्राइव्हवरची मोटार

ड्राइव्ह असल्यास 50 हर्ट्झचे सर्व आकडे बाजूला ठेवून ड्राइव्हच्या बाहेर पडणारी वारंवारता धरावी. मोटार 10 हर्ट्झवर चालवून रिपल मोजावे. 10 हर्ट्झ आले तर करंट मोजणाऱ्या सेन्सरमध्ये शून्याची चूक आहे. 20 आले तर दोन सेन्सरांचे प्रमाण जुळत नाही. 60 आले तर डेड टाइमची (त्याचा अर्थ पुढे येतो) भरपाई अपुरी आहे. मग गती बदलूनही रिपलची वारंवारता जागेवरच राहिली, तर अनुनाद किंवा वेगनियंत्रणाच्या गेनकडे (वेगातली चूक किती जोराने दुरुस्त करायची, त्या सेटिंगकडे) वळावे. अनुनादासाठी ती पट्टी टाळणारे स्किप फ्रिक्वेन्सीचे सेटिंग असते. साध्या व्होल्ट-हर्ट्झ पद्धतीत कमी भारावर मोटार घुटमळत असेल तर आधी टॉर्क बूस्ट कमी करून पाहावा.

डेड टाइमबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण इथे उपाय उलटतो. ड्राइव्हमधील वरचा स्विच बंद होऊन खालचा चालू होईपर्यंत दोन्ही बंद ठेवावे लागतात, हाच डेड टाइम, आणि त्या काळात व्होल्टेजमध्ये चूक होते. ही चूक डेड टाइम, कॅरिअर वारंवारता (स्विच सेकंदाला जितक्या वेळा चालू-बंद होतात तो आकडा) आणि डीसी व्होल्टेज यांच्या गुणाकाराइतकी असते. 3 मायक्रोसेकंद, 8 किलोहर्ट्झ आणि 587 व्होल्ट धरल्यास 14 व्होल्ट होतात. 2 किलोहर्ट्झला साडेतीनच. मोटार 5 हर्ट्झवर चालताना तिला एकूण 41-42 व्होल्ट द्यायचे असतात, तेव्हा 14 व्होल्टची चूक किरकोळ राहत नाही. आवाज कमी व्हावा म्हणून कॅरिअर 8 किलोहर्ट्झवर नेल्यानंतर मंद गतीला मोटार धक्के देऊ लागली, तर कारण हेच असते. कॅरिअर खाली आणावी आणि मोटार थंड असताना ऑटो-ट्यूनिंग (ड्राइव्हने मोटारीची मापे स्वतः मोजून घेणे) पुन्हा करावे.

एका फिल्म कोटिंग यंत्रावर काही वर्षांपूर्वी आडवे पट्टे येत होते. मालकांनी तोवर मोटार एकदा रिवाइंड करून घेतली होती आणि आता त्यांचा संशय चार दात्यांच्या कपलिंगवर होता. संशय अगदीच निराधार नव्हता. व्हेक्टर पद्धतीच्या ड्राइव्हवर 10 हर्ट्झला मोटार 290 फेऱ्यांवर चालत होती आणि मोटारीच्या एका फेरीला 104 मिलिमीटर फिल्म पुढे सरकत होती. कपलिंगचे चार दाते दोषी असतील तर पट्टे 26 मिलिमीटरवर यायला हवेत. रिपल ड्राइव्हच्या दुप्पट वारंवारतेचे, म्हणजे 20 हर्ट्झचे असेल, तर स्लिपमुळे ते अंतर 25.1 मिलिमीटर होते. एक पट्टा मोजून हा फरक कळणार नाही, म्हणून फिल्म टेबलावर पसरून सलग 40 पट्टे मोजले. कपलिंगच्या हिशेबाने 1040 मिलिमीटर यायला हवे होते, टेप 1005 वर थांबली. ड्राइव्हमधील एका फेजचा करंट सेन्सर कमी दाखवत होता. सेन्सरची पाटी बदलल्यावर पट्टे गेले, पण तिरप्या प्रकाशात धरले की फिल्मवर अगदी फिकी रेघ अजून दिसत होती. पुन्हा 40 रेघा मोजल्या. या वेळी 1040 भरले आणि कपलिंगमधले रबरही बदलावे लागले.